एका झाडाची दोन औषधं : बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा



चीनच्या सरकारी औषधकोशात 'हेझी' नावाचं एक औषध आहे आणि 'शीचिंगक्वो' नावाचं दुसरं. दोघांची नोंद वेगळी, गुण वेगळे. पहिलं रेंगाळलेला अतिसार आणि जुनाट खोकला थांबवायला, दुसरं घसा सुजला, आवाज बसला की. तिथल्या काष्ठौषधींच्या दुकानात दोन्हींचे खण वेगळे. पण दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत, आणि ते झाड पाहायला चीनला जावं लागत नाही. इथून, कशेडीहून, घाट उतरून पोलादपूरला गेलात आणि आंबेनळीने महाबळेश्वरच्या दिशेने वर चढू लागलात की ते भेटतं. आपण त्याला हिरडा म्हणतो. हेझी म्हणजे झाडावर पिकू दिलेला, आपला सुरवारी हिरडा. शीचिंगक्वो म्हणजे कोवळेपणीच उतरवून सुकवलेला, आपला बाळहिरडा.

व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला विषय दिला होता 'चिनी वनौषधी'. जिनसेंगवर काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. जिनसेंग कशेडीत उगवत नाही, आणि जे उगवत नाही त्यावर तासभर बोलणारे वक्ते आता भरपूर झाले आहेत. शिवाय ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते वैद्य होते. पुडी हातात आली की औषधाचं नाव विचारण्याआधी ते विचारायचे, 'तोड कधीची?' इथली जुनी माणसं ही गोष्ट अजून सांगतात. आजचं माझं सगळं बोलणं त्या दोन शब्दांच्या प्रश्नाभोवती आहे.

आधी झाडाबद्दल. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन, किंजळ ही सगळी एका प्रजातीतली, शास्त्रीय भाषेत 'टर्मिनालिया'. कशेडीच्या उतारांवर या घराण्यातले ऐन आणि किंजळ पावलोपावली आहेत, बेहडाही आहे. हिरडा मात्र थोडा वर सरकून राहतो. त्याला घाटमाथा आवडतो, त्याच्या खालचा चढ आवडतो. म्हणून महाबळेश्वर, भोर, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात तो दाटीने दिसतो आणि आपल्या बाजूला जावळीच्या खोऱ्याकडे तोंड केलेल्या डोंगरांवर. पान हातात घेतलंत तर देठाच्या वरच्या टोकाशी, पातं सुरू होतं तिथे, दोन बारीक गाठी लागतात. फुलं मळकट पांढरी-पिवळी, तुऱ्यात येणारी, आणि त्यांचा वास कुणी गजऱ्यात माळावा असा नाही. फळ लांबट, वाळलं की त्यावर पाच कंगोरे उठतात. बेहड्याचं फळ गोलसर, राखी, मखमली लव असलेलं. कंगोरे पाहिले की शाळकरी पोरालाही दोन्ही ओळखता येतात. पूड झाली की मात्र भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. पुडीचा मुद्दा पुढे येईलच.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून गाड्या डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर सरळ जातात आणि खेडच्या बाजूला निघतात. अपघात कमी झाले तर त्यासारखं चांगलं काही नाही. पण घाटातल्या वळणावळणांवर जी झाडं निदान गाडी लागलेल्या प्रवाशाला खिडकीतून दिसायची, तीही आता दिसेनाशी झाली. ऐन कुठला आणि किंजळ कुठला हे सांगू शकणारी माणसं तशीच कमी होत चालली आहेत, त्यात ही भर.

आता बाळहिरडा. उन्हाळ्याच्या अखेरीला, पाऊस लागण्याआधी, हिरड्याला बारीक हिरवी फळं धरलेली असतात. आतली आठी अजून तयार झालेली नसते. ही फळं झोडून किंवा फांदीवर चढून उतरवायची, वेचायची, कातळावर किंवा अंगणात पसरून वाळवायची. वाळताना ती आक्रसतात, काळी होतात, सुरकुततात आणि इतकी कडक होतात की दातांनी फोडणं अवघड. ओल्या फळांचा ढीग वाळला की पोत्याच्या तळाशी जातो. वजन भरायला फळं फार लागतात आणि वेळ थोडा असतो, कारण वळवाची एक सर अंगणातल्या मालावर पडली तर बुरशी धरते आणि भाव पडतो. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी वाड्यांमध्ये वर्षाचा मोठा रोख पैसा याच काही आठवड्यांत हातात येतो. भाताला जी पेरणी-लावणी करायची तिची सोय त्यातून होते.

सुरवारी हिरड्याला असली घाई नाही. तो झाडावर पावसाळा काढतो, थंडीत पिवळट होतो, गळतो किंवा उतरवतात. मोठा, जड, आत कठीण आठी. औषधात आठी टाकून वरची साल घ्यायची. भावमिश्राने सोळाव्या शतकात 'भावप्रकाशा'त उत्तम हिरड्याची परीक्षा दिली आहे : नवा असावा, तुळतुळीत असावा, भरीव असावा आणि पाण्यात टाकला तर बुडावा. घरी करून पाहा. दुकानातून आणलेल्यांपैकी किती तरंगतात हे पाहिलं की आपण पैसे कशाचे दिले ते कळतं.

या दोन टोकांच्या मध्ये आपल्या लोकांनी आणखी पायऱ्या केल्या होत्या. चांभारी हिरडा, रंगारी हिरडा ही नावं जुन्या मराठीत आहेत. एकाच फळाच्या वाढीच्या वेगवेगळ्या अवस्था, आणि या दोघींना त्यांच्या गिऱ्हाइकाचं नाव : चांभार, रंगारी. औषधाच्या पुस्तकांपेक्षा ही बाजारातली विभागणी मला जास्त शहाणी वाटते. पुस्तकाने फळाचा आकार पाहून जाती पाडल्या. भावप्रकाशात हिरड्याच्या विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी अशा सात जाती सांगितल्या आहेत, आणि त्या नेमक्या कोणत्या यावर वैद्यमंडळींनी इतकी शाई सांडली आहे की तेवढ्या शाईला लागणारा हिरडा एखाद्या डोंगराने पुरवावा. बाजाराने मात्र साधा प्रश्न केला : कुठल्या महिन्यात तोडलंत, आणि कुणाला हवंय?

हीच गोष्ट युनानी हकिमांनीही केली. त्यांच्याकडे हलेला तीन : काळा, पिवळा आणि काबुली. काळा म्हणजे आपला बाळहिरडा, पिवळा म्हणजे अर्धा तयार, काबुली म्हणजे पुरता पिकलेला. काबूलला हिरडा होत नाही. तिथून वाट जात होती म्हणून ते नाव चिकटलं. अरबी-फारसी वैद्यकातून ही फळं युरोपात 'मायरोबलन' म्हणून गेली. तिथल्या औषधविक्यांनी ती बरण्यांत पाहिली होती, झाडावर कधी पाहिली नव्हती. त्यामुळे ही एका झाडाची की पाच झाडांची, हा त्यांच्या विद्वानांचा आवडता वाद होता. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळांवर एक संवादच लिहिला. हा गृहस्थ अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जाऊन आलेला, हकिमांशी वाद घातलेला. म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या होत्या.

आता चीनकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

चीनमध्ये हिरडा पश्चिमेकडून आणि दक्षिणेच्या समुद्रातून गेला, व्यापाऱ्यांबरोबर आणि बौद्ध भिक्षूंबरोबर. चांग चुंगचिंग या वैद्याच्या नावाने चालणाऱ्या 'चिनक्वै याओल्यूए' या ग्रंथात एक अगदी छोटा योग आहे : दहा हिरडे भाजून, पूड करून, पेजेबरोबर एकदम घ्यायचे, वाऱ्यासकट होणाऱ्या जुलाबांवर. मूळ ग्रंथ सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा मानतात. पण आज हाती असलेला पाठ अकराव्या शतकात संपादित झालेला आहे, म्हणून हिरडा त्यात कधी शिरला यावर मी पैज लावणार नाही. तांग राजवटीत 659 साली सरकारी हुकमाने जो औषधसंग्रह तयार झाला त्यात मात्र तो आहे, यात शंका नाही. त्याच शतकात नालंदेत शिकून गेलेल्या इत्सिंगने भारतातल्या आरोग्याच्या चालीरीती लिहिल्या. त्यातही हिरडा चघळण्याचं कौतुक आहे. पुढच्या शतकात तो जपानला पोचला. नारा इथल्या तोदाइजी देवळाला 756 साली राजघराण्याने जी औषधं अर्पण केली, त्यांची यादी आजही शोसोइन भांडारात आहे. 60 औषधांच्या त्या यादीत हिरडा आहे. क्वांगचौ शहरातल्या क्वांगश्याओ मठात हिरड्याची झाडं इतकी होती की मठाला हिरड्यांची राई असंच नाव पडलं होतं. तिबेटात तर भैषज्यगुरू बुद्धाच्या हातातच हिरड्याची डहाळी दिली आहे. औषधाला याहून मोठा मान कुठे मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

एवढा प्रवास करून हिरडा तिथे पोचला आणि त्याने काम बदललं. आपल्याकडे हिरडा म्हटलं की पहिला शब्द कोणता? कोठा साफ. त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर, सकाळी पोट मोकळं. चिनी वैद्याला विचारा. तो म्हणेल हिरडा तुरट आहे, आवळून धरणारा आहे, सुटलेलं आतडं बांधतो, ढिली पडलेली फुप्फुसं आवरतो. ज्याला अजून सर्दी-तापाचा जोर आहे किंवा आत साचून राहिलेलं आहे त्याला देऊ नका, नाहीतर रोग आत कोंडला जाईल. आपल्याकडे जे सारक, ते तिकडे स्तंभक. एकाच फळाबद्दल दोन जुन्या, अनुभवी वैद्यकांनी अशी उलटी साक्ष द्यावी, याचा अर्थ कुणीतरी चुकतंय का?

मला तसं वाटत नाही. याचं उत्तर आपल्याच भावप्रकाशात पडलेलं आहे, पण आपण ते सुभाषितासारखं म्हणतो आणि पुढे जातो. भावमिश्र सांगतो, हिरडा चावून खाल्ला तर अग्नी वाढवतो, वाटून घेतला तर कोठा साफ करतो, वाफवला तर बांधून ठेवतो, भाजला तर तिन्ही दोष आवरतो. म्हणजे वाफवलेला हिरडा जुलाब थांबवतो हे आपल्याकडेही माहीत होतं. चिनी दुकानात दोन तऱ्हांचा हेझी मिळतो : कच्चा आणि भाजलेला. कच्चा घशा-छातीसाठी, भाजलेला आतड्यासाठी. भाजायची जुनी रीत अशी की ओल्या कणकेत फळ गुंडाळून गरम राखेत ठेवायचं, कणीक काळपटली की काढायचं. आपल्याकडे बटाटा चुलीत घालतात तसंच म्हणा. दोन देशांनी फळावर जे संस्कार केले त्यांतला एक आपण धरून ठेवला, दुसरा त्यांनी.

आणि फळात दोन्हीची सोय आहे. हिरड्यात टॅनिन भरपूर, वाळलेल्या फळाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा. चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल अशी नावं हिरड्याच्याच लॅटिन नावावरून पडली आहेत. टॅनिनचं काम एकच : प्रथिनाला घट्ट धरणं. जिभेवर फळ ठेवलं की लाळेतली प्रथिनं आकळली जातात, तोंड कोरडं पडल्यासारखं होतं, त्याला आपण तुरट म्हणतो. कातड्यातल्या प्रथिनाला धरलं की चामडं कमावलं जातं. चांभार आणि चिनी वैद्य एका अर्थाने एकाच गुणाचे गिऱ्हाईक आहेत. उष्णता लागली की ही मोठी आम्लं फुटतात आणि त्यांतून गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल अशी लहान आम्लं सुटतात. म्हणजे कच्चा, वाफवलेला आणि भाजलेला हिरडा हे रसायनाच्या दृष्टीनेही सारखे नाहीत. भावमिश्राकडे प्रयोगशाळा नव्हती, रोगी होते.

फळ पिकतानाही हे प्रमाण हलतं. कोवळ्या फळात टॅनिनचा जोर वेगळा, गर भरलेल्या फळात वेगळा. इथे बाळहिरड्याचं वेगळेपण सुरू होतं. चीनमध्ये बाळहिरडा उशिरा गेला असावा असं त्याच्या नावांवरून वाटतं. एका नावात 'पश्चिमेचं', दुसऱ्या नावात 'तिबेटचं' हिरवं फळ असा अर्थ आहे. तिथे तो थंड गुणाचा मानतात. घशाची आग, कोरडेपणा, बसलेला आवाज यांवर चघळायचा किंवा काढा करून घ्यायचा. त्याच्या साखर घातलेल्या दाणेदार पुड्या चिनी औषधदुकानांत घशासाठी सर्रास मिळतात. आपल्याकडे बाळहिरडा आईच्या हातात गेला, बाळगुटीत. सहाण, त्यावर दुधाचे चार थेंब, मग वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, अतिविष, खारीक, आणि त्यात बाळहिरड्याचे वेढे. मात्रा ग्रॅममध्ये नाही, वेढ्यांमध्ये. लहान बाळाला एक, जरा मोठ्याला दोन. मोठ्यांसाठी तोच बाळहिरडा एरंडेलात तळून फुलवायचा आणि कुटून ठेवायचा. गुजरातेत याला हिमेज म्हणतात. जुनाट बद्धकोष्ठाला तो सुरवारीपेक्षा सौम्य समजतात. आणि कोकणात घसा धरला की गालात हिरडा धरून बसायची चाल आहेच. कीर्तनकार, शाहीर, शाळामास्तर या तिघांचं ते सामाईक औषध. तेव्हा घशाच्या बाबतीत आपण आणि चिनी एका बाजूला.

गुटीबद्दल एक गोष्ट वैद्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानातच सांगायला हवी. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, असं आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाण धुतलेली नसते, वेखंड जास्त उगाळलं जातं, मुरडशेंगेच्या जागी काय आलंय ते कळत नाही. आजीबाईंचा मान राखून मी म्हणेन, त्या वयात गुटीचा डबा बंदच ठेवावा. हिरडा गर्भवतीला, उपाशी माणसाला, खंगलेल्याला देऊ नये हे जुन्या ग्रंथांनीही बजावलं आहे. तो भाग आपण सोयीने विसरतो आणि आईच्या प्रेमाशी हिरड्याची तुलना करणारं वचन तेवढं लक्षात ठेवतो. ते वचन मी आज म्हणणार नाही, सगळ्यांना पाठ आहे.

मग चीनशी तुलना कुठे आली? चरकाच्या चिकित्सास्थानाचं पहिलं प्रकरण हिरडा आणि आवळ्यापासून सुरू होतं. तेव्हापासून शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'पर्यंत, जे पुस्तक एकेकाळी पंचांगाबरोबर घराघरांत होतं, आपण हिरड्याचे गुण वाचत आलो. पण तोडीचा महिना हा गुणाचा भाग आहे हे आपल्या पाकिटांवर आज कुठे आहे? 'हरीतकी चूर्ण' असं छापलेलं असतं, खाली वनस्पतीचं लॅटिन नाव असतं. ते नाव बाळहिरड्यालाही तेच आणि सुरवारीलाही तेच. लॅटिन नाव झाडाचं असतं, औषधाचं नव्हे. चिनी कोश निदान फळ कोवळं की पिकलेलं, कुठल्या ऋतूत उतरवलेलं, हे नोंदीत लिहितो. ही एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी असं मी म्हणेन. बाकी त्यांच्या औषधांचे जे चमत्कार भ्रमणध्वनीवर फिरतात ते तिथेच फिरू द्यावेत.

लॅटिन नावाच्या भानगडीत न पडता व्यापाऱ्यांनी यावर आपला तोडगा काढला होता. इंग्रजी अमलात हिरडा मुंबईहून शेकडो खंडी विलायतेला जायचा, औषधासाठी नव्हे, चामड्यासाठी. लंडनच्या बाजारात त्याच्या प्रती गावांवरून ओळखल्या जात : भिमली, जबलपूर, राजापूर, वेंगुर्ला. 'विंगोर्ला' म्हटलं की कातडी कमावणाऱ्या इंग्रजाला कुठला माल ते कळायचं. त्याला वेंगुर्ला नकाशात दाखवता आला नसता, पण माल हातात घेऊन त्याने सांगितला असता. पुढे क्रोमने चामडं कमवायची रीत आली आणि हिरड्याची ती मागणी ओसरली. तरी कापडाच्या रंगकामात तो टिकून आहे. कलमकारीचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग लोखंडाचं पाणी लागलं की तिथे काळी रेघ उमटते. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होणारच. लोखंडी कढईत हिरडा उकळलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता तो भाग, ज्यासाठी मी हा विषय निवडला.

बाळहिरड्याला सुरवारीपेक्षा किलोला बराच जास्त भाव मिळतो. साहजिक आहे, मेहनत जास्त आणि वजन कमी. पण बाळहिरडा उतरवला म्हणजे त्या फळात आठी कधीच धरणार नाही. ज्या झाडावरून दरवर्षी सगळा बाळहिरडा उतरतो ते झाड फळतं, पैसे देतं, पण त्याच्याखाली रोप उगवत नाही. त्यात हिरड्याची आठी कठीण, उगवण मुळातच कमी. रोपवाटिकेत आठीचं एक टोक कापून, पाण्यात भिजवून पेरावी लागते, तेव्हा कुठे बरी उगवण मिळते. जंगलात हे काम करायला कुणी नाही. परिणाम असा होतो की डोंगरावर मोठाली हिरड्याची झाडं दिसतात आणि पोरवयाची झाडं हुडकावी लागतात. आजोबांच्या वेळची झाडं आहेत म्हणून आपल्याला वाटतं हिरडा आहे. एक औषध काढताना दुसरं औषध आणि पुढचं झाड दोन्ही कमी होतात. एकाच फळाची दोन औषधं असण्याची ही किंमत आहे, आणि ती कुठल्याही कोशात नोंदलेली नाही.

यात वेचणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. शहरातल्या सभेत टाळ्याही पडतील. पण झाडावर फळ थंडीपर्यंत ठेवायचं तर ते तोपर्यंत आपलंच राहील याची खात्री हवी. ती कुणाकडे आहे? ज्या कातकऱ्याचं घरच दुसऱ्याच्या जमिनीवर उभं आहे, त्याने मे महिन्यात फळ सोडलं तर डिसेंबरात ते दुसराच कुणी नेणार. वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि गौण वनोपजावरचा हक्क कागदावर मिळाला. पण तो हक्क वनजमिनीवर. आपल्या कोकणात डोंगराचे मोठे तुकडे मालकीचे आहेत, आणि मालकाने जळाऊ लाकडाच्या ठेकेदाराला तोड दिली की हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ सगळे एका भावाने वखारीत जातात. पुणे जिल्ह्याच्या आदिवासी भागासाठी पाचव्या अनुसूचीचा आधार आहे, ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून महाड-पोलादपूरच्या कातकऱ्यांना तो आधारही नाही. डोंगर तोच, झाड तेच, पण घाटमाथ्याच्या एका बाजूला एक कायदा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा.

निसर्ग चक्रीवादळ आठवा. 3 जून 2020 ला ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं. आपल्याला नारळी-पोफळीच्या बागा आठवतात, उडालेले पत्रे आठवतात. तेच वादळ घाट चढून जुन्नर-आंबेगावात गेलं आणि हिरड्याची झाडं मोडली. ऐन हंगामात. बागेच्या मालकाकडे सातबारा होता. तरीही त्याला पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागले. हिरडा वेचणाऱ्याकडे काय दाखवायचं होतं? झाड पडलं हे खरं, पण ते झाड तुमचं कशावरून? भरपाईसाठी तिथल्या आदिवासींना पुढे काही वर्षं मोर्चे काढावे लागले. केंद्र सरकारच्या आधारभूत किमतीच्या यादीत हिरडा आहे, आदिवासी विकास महामंडळ त्याची खरेदी करत आलं आहे. म्हणजे माल सरकारच्या ओळखीचा आहे. झाडाखाली उभं असलेलं माणूस अजून पुरतं ओळखीचं झालेलं नाही.

भावाचाच मार्ग घ्यायचा तर तो असा घेता येईल. आज सुरवारी हिरड्याला भाव कमी, कारण तो चूर्णाच्या कारखान्यात ढिगाने जातो आणि तिथे बुडणारा आणि तरंगणारा एका पोत्यात असतो. शिवाय पुडीत बेहड्याची भर घालता येते. बेहड्याला मी वाईट म्हणत नाही. त्रिफळ्याचा तो हक्काचा तिसरा, आणि ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचे फासे त्याच्याच फळांचे होते म्हणतात, एवढा त्याचा दबदबा. चिनी कोशातही तिबेटी वैद्यकाच्या वाटेने बेहड्याला स्वतःची जागा मिळाली आहे. पण हिरड्याच्या नावाने बेहडा विकणं ही चोरी आहे, आणि ती पूड झाल्यावरच शक्य होते. तेव्हा अखंड, निवडलेला, बुडणारा, थंडीत उतरवलेला हिरडा, गाव आणि महिना लिहून, पूड न करता विकला, तर त्याला चार पैसे जास्त मिळायला हरकत नाही. महाबळेश्वरला जाणारी अर्धी मुंबई पोलादपूरवरून जाते आणि परतताना खोक्यांतून स्ट्रॉबेरी नेते. तिला हिरडा विकता येणार नाही असं मी मानत नाही.

वाडीने ठरवलं तर आणखी एक करता येईल, आणि त्याला सरकार लागत नाही. दर झाडाचा शेंडा सोडायचा. वरच्या फांद्यांवर चढणं तसंही जिवावरचं असतं. बाळहिरडा उतरवताना माणसं पडतात, हे इथल्या कुणाला सांगायला नको. हाताला, काठीला येईल तेवढं मे महिन्यात घ्यायचं, वरचं पावसाळ्यावर सोडायचं. जानेवारीत जे खाली पडेल त्यातलं निम्मं वेचायचं. उरलेल्यातल्या मूठभर आठ्या टोकं कापून, भिजवून, शाळेच्या कुंपणाला लावायच्या. हिरड्याचं रोप पहिली वर्षं फार सावकाश वाढतं, गुरांच्या तोंडी लागतं, म्हणून कुंपण हवं. पुढे रोपवाटिका करायची तर तिच्यासाठीही आठ्या लागतीलच. त्या सुरवारीच्याच घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी यंदाच्या उन्हाळ्यात कुठली झाडं झोडायची नाहीत हे फुलं गळायच्या आत ठरवावं लागेल.